पायघड्यांचा तपास

ती घटना आठवली की मला अजूनही आधी हसू येतं, मग थोडी लाज वाटते आणि शेवटी बरं वाटतं. पोलीस खात्यात उभी हयात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, बेल्लमपल्लीला असताना खाणीतले संपही पाहिले. पण घरी पाहुणे जमले आणि कुणी "एखादी केस सांगा" म्हटलं की मी हीच सांगतो. ऐकणारे सुरुवातीला जरा हिरमुसतात, कारण हिच्यात रक्त नाही की पिस्तूल नाही. लग्नात दोन धोतरं फाटली, तिथून ही केस सुरू होते.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. मी तेव्हा सब-इन्स्पेक्टर होतो आणि आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथच्या पट्ट्यातल्या एका लहान ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आम्ही. गावं मराठी बोलणारी, कागद तेलुगूत आणि कचेरीतले शब्द अजून निजामाच्या काळातले. मी आदिलाबादेतच वाढलेला मराठी माणूस, त्यामुळे मला या खिचडीचं काही वाटत नसे. ठाण्यातले जुने हेड कॉन्स्टेबल, ज्यांना सगळे जमादार म्हणत, दखनी हिंदी बोलायचे. रायटर तेलुगूत लिहायचा आणि फिर्यादी मराठीत रडायचे.

होळी होऊन गेली होती. सोमवारी सकाळी हजेरी आटोपून मी चहाचा कप उचलला, तेवढ्यात ठाण्यासमोर एक ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीतून वीस-पंचवीस माणसं उतरली. पुढे गावातले एक वजनदार कापूसवाले शेतकरी होते. आदल्या दिवशी त्यांच्या मुलीचं लग्न झालं होतं. मागे दोन जवान पोरांनी गावच्या परटाला दंडाला धरून आणलं होतं. साठीचा, काटकुळा माणूस, अंगातली बंडी फाटलेली.

आमच्याकडे लग्नात नवऱ्या मुलाची आई मांडवात येते तेव्हा गावचा परीट तिच्या पायाखाली धुतलेली, इस्त्री केलेली पांढरी धोतरं अंथरत जातो. या पायघड्या. विहीणबाई चालत जातात आणि परीट मागची धोतरं उचलून पुढे टाकत राहतो. ते त्याचं काम आणि तोच त्याचा मान; बदल्यात त्याला वधूकडून फेटा मिळतो. त्या दिवशी विहीणबाईंनी तिसऱ्या धोतरावर पाय ठेवला आणि धोतर फाटलं. पुढचं अंथरलं, त्याचे तर तुकडे पडले. मांडवात कुणीतरी हसलं. विहीणबाई पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या, मानाच्या पक्क्या. त्या जागच्या जागी वळल्या आणि थेट जीपमध्ये जाऊन बसल्या. त्यांना खाली उतरवायला दोन तास लागले आणि तोवर मुहूर्त टळला.

"साहेब, यानं मुद्दाम केलं," वधूपिता म्हणाले. "फेटा हलका भेटला म्हून चार दिवस कुरकुर करून राह्यला होता. भरल्या मांडवात आमची अब्रू घेतली यानं. आता आमी याले गावात ठेवत नाई."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. पोरांनी त्याची इस्त्री आधीच उकिरड्यावर फेकली होती. परटाचं घर गावानं दिलेल्या जागेवर होतं. वर्षाचं धान्य म्हणजे सुगीला प्रत्येक घरातून मिळणारी ज्वारी. गावानं कपडे देणं बंद केलं की ज्वारीही बंद, आणि साठाव्या वर्षी बायकोला घेऊन दुसरं गाव शोधायचं. हे सगळं त्या ट्रॅक्टरवर येता येताच ठरलं होतं.

कायद्यानं पाहिलं तर धोतर फाटणं ही काही दखलपात्र बाब नव्हती. पण मारामारीची चिन्हं दिसत होती, म्हणून मी जनरल डायरीत नोंद केली, फाटकी धोतरं पंचनामा करून लाखेचं सील लावून ताब्यात घेतली आणि गर्दीला वाटेला लावलं. परटाला ठाण्यातच ठेवून घेतलं. त्याच्या जिवाच्या काळजीनं, असं मी तेव्हा म्हणालो. खरं म्हणजे मलाही तोच गुन्हेगार वाटत होता.

याला कारणही होतं. सील करण्याआधी त्यातलं एक धोतर मी बोटांत धरलं, तर ते घडीवर पापडासारखं मोडलं. बेल्लमपल्लीला खाणीच्या दिवेखोलीत, जिथे कामगारांच्या टोपीवरच्या दिव्यांच्या बॅटऱ्या भरतात, काम करणाऱ्या माणसांच्या विजारी मी पाहिल्या होत्या. बॅटरीतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, उडून त्यांना अशीच भोकं पडत. तेव्हा हे तेजाबाचं काम आहे हे मी पाच मिनिटांत ओळखलं आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो. हाती तेजाब घेतलं कुणी, तर धोतर ज्याच्या हाती होतं त्यानं. माझ्या दृष्टीनं तपास तिथेच संपला होता.

दुपारपर्यंत मी त्याला धारेवर धरलं. वयानं तो माझ्या वडिलांएवढा, पण मी अरे-तुरेवरच होतो.

"तेजाब कुठून आणलंस?"

"तेजाब कायले आनू साहेब? सोडा आनतो, नीळ आनतो."

"फेट्यावरून भांडला होतास की नाही?"

"भांडलो. दर लग्नात भांडतो. माहा बाप बी भांडत होता. भांडल्याबिगर फेटा भेटते का कोनाले?"

"मग पायघड्या फाटल्या कशा?"

"तेच तं मले समजून नाई राह्यलं. ओली होती तवा चांगली होती. वाळली, इस्त्री फिरवली, थोडी पिवळी दिसली. मले वाटलं निखारा जास्त झाला." मग तो म्हणाला, "चाळीस वर्स झाले साहेब. माह्या हातून कोनाचं पोतेरं बी फाटलं नाई."

त्याच्या घराची झडती घेतली. सोड्याचा डबा, निळीची पुडी, भट्टीचं पातेलं, लाकडी कोळसा. तेजाबाचा थेंब नाही. मी मात्र ठरवलं की त्यानं बाटली फेकून दिली असणार. गुन्हेगार मनात पक्का झाला की पुरावा न सापडणं हादेखील पुरावाच वाटायला लागतो. हा आजार आमच्या खात्यात सगळ्यांना एकदा तरी होतो.

दुपार कलल्यावर त्याची बायको भाकरी घेऊन चालत आली. खांद्यावर काळी, लोकरीची घोंगडी होती. जमादारांनी तिला व्हरांड्यात बसवलं. मी बाहेर आलो तेव्हा तिनं घोंगडी माझ्या टेबलावर ठेवली आणि ताणून दाखवली.

"साहेब, हे पाहा. ज्या दिशी ते धोतरं धुतले त्याच दिशी, त्याच पान्यात हे बी धुतलं. याले काई झालं नाई. अन हे पाहा," असं म्हणून तिनं नवऱ्याच्या कमरेच्या धोतराकडे बोट केलं. त्याला गुडघ्यापाशी तळहाताएवढी भोकं पडली होती. "हे बी त्याच दिशी धुतलं. मानूस सोताचं धोतर जाळते काऊन?"

सकाळपासून तो माणूस माझ्यासमोर बसला होता आणि ती भोकं मला दिसली नव्हती. दिसली असतील तर गरिबाचं धोतर फाटकंच असायचं, असं समजून नजर पुढे गेली असेल.

ती पुढे जे बोलली, ती या केसमधली खरी खबर. एरवी ते दोघं गावाखालच्या डोहावर कपडे धूत. त्या वर्षी तो लवकर आटला, म्हणून लग्नाची धुणी त्यांनी पहिल्यांदाच नाल्याच्या वरच्या डोहावर नेली. "पान्यात उभं राह्यलं का पाय चुरचुर करत होते," ती म्हणाली. "म्हशी बी त्या डोहाले तोंड लावत नाईत. लोक म्हनले, परटिनीच्या सोड्यानं पानी नासलं."

जमादार घोंगडी हातात घेऊन उलटसुलट करत होते. ते म्हणाले, "साब, ऊन जानवर का, कपास झाड का. तेजाब झाड कू खा गया, जानवर कू छोड दिया."

लोकर सोडून कापूस खाणारं तेजाब. हे ऐकलं आणि मी खुर्चीतून उठलो, कारण आमच्या भागात कापूसच खायला तेजाब आणणारी एकच जागा होती.

जिनिंगमधून सरकी निघते तेव्हा तिच्या अंगावर बारीक कापसाची लव राहते. त्या लवेमुळे बियाणं एकमेकांत गुंततं आणि पेरायला त्रास होतो. म्हणून बियाण्याच्या कारखान्यात सरकीवर तेजाब ओततात, ढवळतात. लव जळते, आतलं बी शाबूत राहतं. आमचे शेतकरी याला सरकीची हजामत म्हणत. मग ती सरकी पाण्यानं तीन-चारदा धुवायची, चुन्याच्या निवळीतून काढायची आणि वाळवायची. ते धुवण नाल्यात सोडण्याआधी टाक्यात साठवून त्यातलं तेजाब चुन्यानं मारायचं, असा नियम होता. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवान्यातच ती अट असे. असा एक कारखाना गावाच्या वरच्या अंगाला, सडकेला लागून होता आणि त्याच्या कुंपणामागून तोच नाला खाली येत होता.

परटाला आणि त्याच्या बायकोला त्या संध्याकाळी जमादारांसोबत घरी पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कारखान्यावर गेलो. मालक आदिलाबादचे, गोड बोलणारे गृहस्थ. चहा मागवला, बिस्किटं मागवली. टाकं दाखवलं, टाक्याशेजारी चुन्याच्या पोत्यांची थप्पी दाखवली. "सगळं कायद्यानुसार आहे साहेब," म्हणाले. थप्पी खरोखरच भरपूर होती. मी निघायच्या बेतात होतो. जमादारांनी सहज एका पोत्यावर काठी आपटली आणि खणखण आवाज आला. दुसऱ्यावर आपटली, तिथेही तोच आवाज. मागच्या पावसाळ्यातली ओल लागून पोतीच्या पोती दगड झाली होती. या हंगामात त्यातलं एकही पोतं कुणी फोडलेलं नव्हतं.

मालकांना चहा पिऊ दिला आणि सुपरवायझरला मी बाजूला घेतलं. हा पंचविशीतला, शिकलेला तरुण, सडकेपलीकडे कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये राहणारा. त्याच्यावर आवाज चढवायची गरज नव्हती.

"तुमच्या घरचे कपडे कुठे धुतात?" मी विचारलं.

"घरीच साहेब, बोअरवर."

"नाला तर जवळच आहे. तिथे काऊन नाही?"

त्यानं कुंपणामागच्या नाल्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली. चौकशीत गप्प बसणं हे अर्धं काम असतं. मग तो म्हणाला, "साहेब, मी दोनदा सांगितलं मालकाले. ते म्हणाले, चुना टाकला का गाळ बसते, गाळ काढाले दोन दिवस जातात, हंगाम निघून जाते. आम्ही सरळ सोडून देत होतो." लग्नाच्या आठवड्यात हंगामाचा शेवट होता, म्हणून तेजाबाची पिंपंही धुऊन सगळं एकदमच नाल्यात सोडलं होतं.

जबाब मिळाला, पण गावासाठी तेवढा पुरेसा नव्हता. कारखान्यात गावातली बरीच माणसं कामाला होती आणि मालकानं देवळाच्या मंडपाला पत्रे दिले होते. पोलीस सांगतो म्हणून त्यांनी परटाला निर्दोष मानलं नसतं. म्हणून मी पंचनामा चावडीसमोर करायचं ठरवलं. दुकानातून कोरं मांजरपाट आणलं, त्याचे दोन तुकडे केले. एक विहिरीच्या पाण्यात भिजवला, एक वरच्या डोहाच्या. पंचांच्या सह्या घेऊन दोन्ही उन्हात वाळत घातले. उकिरड्यावरची इस्त्री शोधून आणवली आणि परटाच्या हातात दिली. तेव्हा मी पहिल्यांदा म्हणालो, "काका, आता तुम्ही तुमचं काम करा."

त्यानं निखारे भरले, पाण्याचे थेंब टाकून इस्त्रीचा ताव पाहिला आणि विहिरीच्या पाण्याचा तुकडा आधी घेतला. कापड कडक, पांढरंशुभ्र झालं. मग त्याच इस्त्रीनं दुसऱ्यावर हात फिरवला. आमच्या डोळ्यांसमोर त्यावर तपकिरी डाग उमटले. त्यानं घडी घातली, उचलली आणि वधूपित्यांच्या हातात दिली. घडी त्यांच्या हातात मोडली. जमलेली माणसं पुढे सरकून ते तुकडे बोटांत चुरून पाहू लागली. विहिरीकडच्या बायका आपापसांत बोलायला लागल्या होत्या, कारण त्यांच्यातल्या दोघी-तिघींची लुगडीही त्या आठवड्यात विरली होती आणि त्यांनीही परटिणीलाच शिव्या घातल्या होत्या.

त्याच संध्याकाळी कारखान्याचे मालक जीपमधून परटाच्या दारी आले. मी तिथेच होतो. मालक म्हणाले, "गरीब माणूस आहे. माझ्याकडून याला धर्मादाय म्हणून नवं कापड देतो, वर थोडी मदत करतो. ज्यांची धोतरं गेली त्यांनाही देतो. वाद कशाला वाढवायचा?" गावातली चार शहाणी माणसं लगेच "बरोबर हाय" म्हणाली. खरं सांगतो, मलाही तो तोडगा बरा वाटला होता. एक फाईल बंद झाली असती.

परीट उंबऱ्यावर बसला होता. तो म्हणाला, "पैसे नको असं मी म्हनत नाई. पन धर्म कायचा? तुमी धर्म केला तं लोक म्हनतील, परटानं चूक केली अन शेटनं भरून देल्ली. आधी लिहून द्या का हे माह्या हातानं झालं नाई. मंग द्या काय द्याचं ते."

मालक हसले. म्हणाले, लिहून कसं देणार, उद्या उभा जिल्हा दारात येईल. त्यांच्या या एका वाक्यानं माझे डोळे उघडले. त्यांना खर्चाची भीती नव्हतीच, कबुलीची होती.

मी अहवाल लिहायला घेतला. सार्वजनिक उपद्रवाबद्दल फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली महसूल अधिकाऱ्यांकडे जाता येतं, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं, पण मी ते तोवर उघड्या गटारांपलीकडे कधी वापरलं नव्हतं. वरच्या डोहाच्या पाण्याच्या सील केलेल्या बाटल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवल्या. तिथून एक तरुण तेलुगू अभियंता आला. तो फार उत्साही होता. त्यानं मला समजावलं की आता सरकारचं आणि न्यायालयांचं धोरण बदलतं आहे; नुसतं बंद करा, दंड भरा एवढ्यावर भागत नाही. ज्यानं पाणी नासवलं त्यानंच लोकांचं नुकसान भरायचं आणि पाणीही त्यानंच पूर्ववत करून द्यायचं. सरकारच्या तिजोरीतून नाही आणि गावाच्या वर्गणीतूनही नाही. मी विचारलं, "कागदावर की खरोखर?" तो म्हणाला, "सर, कुणीतरी पहिली केस करायला पाहिजे ना."

काम व्हायला चार महिने लागले. मधे मला दोन फोन आले, एकदा वरून विचारणा झाली की धोतराच्या केसमध्ये इतका रस काय. मी उत्तर दिलं की पंचनाम्यावर सह्या आहेत, पाण्याचा रिपोर्ट आहे, आता फाईल माझ्या हातात नाही. सरकारी नोकरीत हे वाक्य बहुतेक वेळा पळवाट म्हणून वापरतात. मी ते एकदा तरी सत्कारणी लावलं, याचं मला समाधान आहे.

महसूल अधिकाऱ्यांचा आणि मंडळाचा मिळून हुकूम आला. चुन्याचं टाकं नीट चालू करून तपासून घेईपर्यंत कारखाना बंद. डोहातलं पाणी आणि गाळ काढून तो साफ करण्याचं काम मालकाच्या खर्चानं. ज्यांचे कपडे गेले त्या सगळ्या घरांना आणि परटाला त्याच्या बुडालेल्या कामाची भरपाई. हे पूर्ण झाल्याखेरीज परवाना चालू होणार नव्हता. आणि निष्कर्षात एक ओळ होती: सदर नुकसान परटाच्या कामातील कोणत्याही कसुरीमुळे झालेले नाही. तलाठ्यानं चावडीवर हुकूम वाचला. कागद तेलुगूत होता, म्हणून तो प्रत्येक ओळ मराठीत सांगत होता. ती ओळ आली तेव्हा परटानं त्याला हात करून थांबवलं आणि म्हणाला, "पुन्यांदा वाचा." तलाठ्यानं पुन्हा वाचली.

भरपाई त्यानं घेतली, अगदी मानानं घेतली. पण त्याचा जीव अडकला होता तो दुसरीकडेच. आमच्याकडे कपड्यांची मोट, म्हणजे गाठोडं, नेहमी परीट किंवा परटीण घरोघर फिरून नेतात. धनी आपली मोट घेऊन परटाच्या दारी जात नाही. त्या चार महिन्यांत तो बहुतेक घरांपुढून रिकाम्या हातानं परतला होता. हुकूम वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी समन्स बजावायला त्याच गावात गेलो होतो. सकाळी नऊची वेळ, गल्लीत सगळे उठलेले. वधूपिता स्वतःच्या खांद्यावर मोट घेऊन भर गल्लीतून चालत आले आणि परटाच्या ओसरीवर त्यांनी ती खाली ठेवली. "मोजून घ्या," एवढंच म्हणाले.

परटानं मोट सोडली. एकेक कपडा उचलून, उजेडात धरून मोजला. चौदा निघाले. त्यातलं एक धोतर त्यानं बाजूला काढलं आणि परत त्यांच्या हातात दिलं.

"हे घरीच धुवा," तो म्हणाला. "काठाले विरलं हाय. फाटलं तं माह्या नावावर नको."

वधूपिता आधी ओशाळले, मग हसले. परटीण आतून हसली. मग मीही हसलो. ती मोट पाहून दुपारपर्यंत आणखी सहा-सात घरांच्या मोटी त्या ओसरीवर आल्या, असं जमादारांनी मला नंतर सांगितलं.

या केसनं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे भरपाई आणि धर्मादाय यांत रक्कम सारखी असली तरी फरक जमीन-अस्मानाचा आहे. धर्मादाय देणारा मोठा होतो आणि घेणारा आरोपीच राहतो. सरकारनं नासधूस करणाऱ्याला पैसे भरायला लावावेत ते एवढ्यासाठी की चूक कुणाची हे कागदावर ठरावं. नाहीतर वरच्या अंगाला कुणी काय सोडलं हे कुणी विचारत नाही आणि खालच्या अंगाला ज्याचे हात पाण्यात असतात तोच पकडला जातो.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःपुरती आहे. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, ठाण्यात कुणालाही दंडाला धरून आणलं की मी आधी त्यालाच एक प्रश्न विचारायचो: यात तुमचं स्वतःचं काय गेलं? त्या सोमवारी मी तो विचारला असता, तर एक प्रामाणिक माणूस दुपार कलेपर्यंत माझ्या बाकावर उपाशी बसला नसता.